ताजमधला पियानो : टेडी वेदरफोर्ड यांचा भारतीय वारसा

टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय पियानोवादक. आशियातील मोठ्या शहरांत जॅझ संगीत रुजवणाऱ्या पहिल्या पिढीत त्यांचा पियानो सर्वांत कसलेला मानला जातो. ११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहॉन्टस या कोळसाखाणींच्या गावी त्यांचा जन्म झाला आणि २५ एप्रिल १९४५ रोजी कोलकात्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एक्केचाळीस. या एवढ्या आयुष्यात त्यांनी शिकागो, शांघाय, कोलंबो, पॅरिस, मुंबई आणि कोलकाता येथे पियानो वाजवला आणि वाद्यवृंद चालवले. त्यांनी संगीतशाळा काढली नाही, पुस्तक लिहिले नाही आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही मोजक्याच निघाल्या. तरीही आपल्याकडच्या जुन्या चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात जॅझचा जो अंश आहे, त्याचा माग काढत मागे गेले की वाट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या पियानोपाशी येते. खामगाव किंवा मेहकरच्या वरातीत बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर १९५०च्या दशकातली एखादी नाचरी धून वाजते, तीही याच वाटेने इथवर आलेली असते.

शिकागोतली घडण

वेदरफोर्ड किशोरवयात न्यू ऑर्लिन्सला राहिले आणि पियानो तिथेच शिकले. न्यू ऑर्लिन्स हे जॅझचे माहेर. चर्चमधली भजने, शेतमजुरांची गाणी, लष्करी बँडची कवायती धून आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या रक्तात मुरलेली लय या सगळ्यांच्या मिसळणीतून हे संगीत तिथे तयार झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतल्या वर्णद्वेषाला आणि दारिद्र्याला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय लोक कामाच्या शोधात उत्तरेकडे गेले. त्यांच्याबरोबर वादकही गेले. १९२०च्या दशकाच्या आरंभी वेदरफोर्ड शिकागोला पोहोचले, तेव्हा जॅझचा मुक्काम तिथे हललेला होता.

तो काळ मूकपटांचा. पडद्यावर चित्र चालू असताना खाली वाद्यवृंद वाजे आणि अनेक प्रेक्षक चित्रपटापेक्षा वाद्यवृंदासाठी तिकीट काढत. शिकागोतल्या व्हेंडोम थिएटरमध्ये अर्स्किन टेट यांचा असाच नामांकित वृंद होता. त्यात पियानोवर वेदरफोर्ड आणि ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग बसत. आर्मस्ट्राँग पुढे जॅझचे जगभर ओळखले जाणारे नाव झाले. मे १९२६मध्ये या वृंदाच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजू तयार झाल्या. त्यांत आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटइतकाच लक्ष वेधून घेणारा पियानो वेदरफोर्ड यांचा आहे. आधुनिक जॅझ पियानोचे जनक मानले जाणारे अर्ल हाइन्स शिकागोत आले, तेव्हा त्या शहरातले सगळ्यांत धाक असलेले पियानिस्ट वेदरफोर्ड हेच होते. हाइन्स यांच्या वादनावर वेदरफोर्ड यांची छाप पडली, असे जॅझचे इतिहासकार मानतात. हे मत मान्य केले, तर भारतात येण्याच्या कितीतरी आधीच त्यांचा एक मोठा वारस तयार झाला होता.

त्यांच्या वादनात नवे काय होते, ते समजून घेण्यासाठी त्या काळच्या पियानोची रीत पाहावी लागते. 'स्ट्राइड' नावाच्या पद्धतीत डावा हात सतत झेपा घेत असतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर तो खर्जातला सूर वाजवतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वर उडी घेऊन कॉर्ड दाबतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेल्या तीन-चार सुरांचा गुच्छ. एकट्या डाव्या हाताने लय आणि स्वरांची पार्श्वभूमी दोन्ही सांभाळल्या की उजवा हात चालीशी खेळायला मोकळा होतो. वेदरफोर्ड यांचे पंजे भलेमोठे होते. डाव्या हाताच्या या झेपा ते विलक्षण वेगात आणि स्वच्छ घेत. उजव्या हाताने ते चालीला नुसती नक्षी जोडत नसत. सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम दाबून ते ट्रम्पेटसारख्या ठसठशीत ओळी काढत, त्यामुळे दहा-बारा वाद्यांच्या गदारोळातही पियानो ऐकू येई. ध्वनिवर्धकाचा वापर फारसा नसलेल्या काळात याला फार महत्त्व होते.

दुसरी गोष्ट 'स्विंग'. कागदावर एका मात्रेचे दोन समान भाग लिहिलेले असतात. जॅझवादक ते असमान वाजवतो. मात्रेचे तीन भाग कल्पून पहिला सूर दोन भाग धरायचा आणि दुसरा एका भागात उरकायचा, असा तो ढोबळ हिशेब. शिवाय आपण जिथे समेवर जोर देतो, तिथे जॅझमधला जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. हे लिहून दाखवता येते. पण नेमके किती ओढायचे आणि कुठे सोडायचे, ते कागदावर उतरत नाही. ते समोर बसून ऐकूनच घ्यावे लागते. वेदरफोर्ड भारतीय वादकांना जे देऊ शकले, त्याचे मर्म इथे आहे.

शांघायहून मुंबईकडे

१९२६मध्ये ड्रमवादक जॅक कार्टर यांच्या वृंदाबरोबर वेदरफोर्ड आशियात आले आणि इथलेच झाले. शांघाय तेव्हा परकीयांच्या वसाहतींचे, पैशांचे आणि रात्रभर चालणाऱ्या नृत्यगृहांचे शहर होते. अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकाला मागच्या दाराने हॉटेलात शिरावे लागे. शांघायमध्ये तोच वादक मानाने राही, चांगला पगार घेई. कवी लँग्स्टन ह्यूज १९३३मध्ये शांघायला गेले असता वेदरफोर्ड यांना भेटले आणि त्या शहरातल्या त्यांच्या थाटाबद्दल त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. १९३४मध्ये वेदरफोर्ड अमेरिकेला गेले ते फक्त नवे वादक आणण्यासाठी. कॅलिफोर्नियातून त्यांनी ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा पूर्ण वृंद शांघायला आणला. याच क्लेटन यांनी पुढे काउंट बेसी यांच्या प्रसिद्ध वृंदात नाव काढले.

मुंबईत जॅझ त्याआधी अजिबात नव्हते, असे नाही. नाचाच्या धुनी वाजवणारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन वृंद होते. केन मॅक यांचा वृंद त्यांत लोकप्रिय होता. मात्र ज्यांनी हे संगीत घडवले त्यांच्याकडून ते ऐकण्याची पहिली मोठी संधी १९३५च्या अखेरीस आली. व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वृंद तेव्हा ताजमध्ये वाजू लागला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा वृंद आला. १९३६मध्ये या वृंदाने मुंबईत मेना सायलस यांची 'ताजमहाल' नावाची फॉक्सट्रॉट या नाचाची धून ध्वनिमुद्रित केली. त्याच वृंदात वेदरफोर्ड पियानोवर बसले आणि पुढे त्याची सूत्रे त्यांच्याच हाती आली. १९३७मध्ये ते पॅरिसला जाऊन आले. तिथे 'स्विंग' या फ्रेंच कंपनीसाठी त्यांनी एकट्याने वाजवलेल्या पियानोच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. वृंदाचा कल्लोळ बाजूला ठेवून त्यांचे निखळ वादन ऐकायचे असेल, तर याच ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात.

गोव्याचे वादक आणि त्यांची वही

वेदरफोर्ड यांच्या वृंदात आणि त्यांच्या अवतीभवती भारतीय वादक येऊ लागले, त्यांत बहुसंख्य गोव्याचे होते. हा योगायोग नव्हता. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चना जोडून ज्या शाळा चालवल्या, त्यांत पाश्चात्त्य संगीत शिकवले जाई. गावचा मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला, चर्चमध्ये गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. या शिक्षणाच्या बळावर गोव्याची मुले ब्रिटिश हिंदुस्थानात लष्करी बँडमध्ये, संस्थानिकांच्या दरबारी वृंदात, रेल्वेच्या क्लबांत आणि हॉटेलांत नोकरी करत. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात प्रत्येक गावाची 'कूड' असे. तिथे स्वस्तात राहायची सोय होई आणि पुढचे काम कुठे आहे, याची बातमीही मिळे.

गोव्याचा वादक समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाचून अचूक वाजवी. अशी वाचनाची तयारी तेव्हा भारतात इतर कोणाकडे क्वचितच होती. पण कागदावर नसलेले वाजवायची सवय त्याला नव्हती. चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या कानाला सूर मुद्दाम किंचित उतरवून वाजवणे ही चूक वाटणारच. जॅझला मात्र तोच उतरवलेला, कण्हणारा सूर हवा असतो. मूळ चालीचे कॉर्ड मनात धरून प्रत्येक वेळी नवी ओळ रचणे हा तर त्याचा प्राण. रागाची चौकट सांभाळून तत्क्षणी विस्तार करण्याची कल्पना भारतात हजारो कलावंतांच्या अंगवळणी होती. पण तो वर्ग वेगळा होता आणि हॉटेलातल्या वृंदांशी त्याचा संबंध नव्हता. एकाच देशात एका बाजूला उत्स्फूर्त विस्ताराची थोर परंपरा आणि दुसऱ्या बाजूला स्वरलिपीचे पक्के शिक्षण होते, आणि दोघांची गाठ घालून द्यायला समुद्रापलीकडचे वादक यावे लागले, ही विसाव्या शतकातल्या भारतीय संगीताची एक फार मोलाची घटना आहे.

शिकवण्याची रीत उस्तादाच्या घरच्या बैठकीसारखी होती. वर्ग नाही, परीक्षा नाही. नव्या मुलाला वृंदात मागच्या रांगेत बसवायचे, रात्री नाचाच्या कार्यक्रमात वाजवून घ्यायचे आणि कार्यक्रम संपल्यावर वादक आपापसांत 'जॅम' करत तेव्हा त्याला एकट्याने वाजवायची पाळी द्यायची. पियानोवर बसलेला नायक डाव्या हाताने लय घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे शिकणाऱ्याचा तोल गेला तरी धून कोसळत नाही. वेदरफोर्ड यांच्यासारखा पियानिस्ट पाठीशी असणे म्हणजे काय, ते यावरून कळेल. गोव्याच्या कुडचडे गावचे फ्रँक फर्नांड, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन आणि इतर कित्येक जण १९३०च्या दशकात मुंबईत आलेल्या अमेरिकी वादकांच्या सहवासात घडले. याचे श्रेय एकट्या वेदरफोर्ड यांना देणे योग्य होणार नाही. स्मिथ, ॲबी, सॅक्सोफोनवादक रॉय बटलर आणि रूडी जॅक्सन यांचाही त्यात वाटा आहे. जॅक्सन तर अमेरिकेतले नामवंत वृंदनायक ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदात वाजवून आलेले होते. पण बाकीचे आले आणि गेले. वेदरफोर्ड या खंडात जवळजवळ वीस वर्षे राहिले आणि त्यांनी भारतीय, अँग्लो-इंडियन आणि ब्रह्मी वादकांना बरोबरीने वृंदात घेऊन काम केले. म्हणून त्यांची छाप अधिक खोल आहे.

युद्धकाळातील कोलकाता

दुसऱ्या महायुद्धाने वेदरफोर्ड यांना कोलकात्याला आणले. चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात त्यांचा वृंद वाजू लागला. १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतले, तेव्हा तिथले वादकही पळून भारतात आले. क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट हे ब्रह्मदेशातले वादक वेदरफोर्ड यांच्याबरोबर वाजवत. अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांनी शहर भरले होते. त्यांच्यासाठी सैनिकी रेडिओवरून या वृंदाचे कार्यक्रम होत आणि कोलंबिया कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांतल्या काहींत वेदरफोर्ड स्वतः गायलेही आहेत.

याच शहराच्या रस्त्यांवर १९४३मध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. ग्रँड हॉटेलच्या नाचघराबाहेर भुकेलेल्यांची रांग आणि आत संगीत, हे त्या काळाचे वास्तव जॅझच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही. ते नोंदवायला हवे. दोन वर्षांनी ज्या साथीच्या रोगाने वेदरफोर्ड गेले, तो त्याच गर्दीच्या, गांजलेल्या शहराचा रोग होता. युद्ध संपायला काही महिने उरले होते.

हॉटेलातून स्टुडिओत

वेदरफोर्ड गेल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या भोवतालचे जग बदलले. गोरे साहेब परत गेले. संस्थाने विलीन झाली, म्हणजे दरबारी वृंद संपले. फाळणीमुळे लाहोर आणि कराचीच्या हॉटेलांतले वादक मुंबईला आले. त्यातच १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि नाचगाण्याच्या जागांचा धंदा बसला. कसलेल्या वादकांची मुंबईत गर्दी आणि हॉटेलांत काम नाही, अशी स्थिती झाली. नेमक्या त्याच वेळी चित्रपटसृष्टीला मोठे वाद्यवृंद हवे होते.

संगीतकार पेटीवर चाल बांधत. त्यांतल्या अनेकांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसे आणि येण्याची गरजही नव्हती. चाल ऐकून ती कागदावर उतरवायची, चाळीस-पन्नास वाद्यांसाठी लिहायची, मुखडा आणि अंतरा यांच्या मधले म्युझिक पीस रचायचे आणि गायकाच्या ओळीमागे दुसरी, पूरक ओळ सोडायची, हे काम जो करी त्याला 'अरेंजर' म्हणत. चर्चच्या शाळेतले वाचन-लेखन आणि हॉटेलात कमावलेली उत्स्फूर्तता या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे होत्या, तोच हे करू शकत होता. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तर संगीतकार एखादी कल्पना गुणगुणून दाखवी आणि 'इथे काहीतरी वाजवा' म्हणे. ताजमध्ये आणि ग्रीन्स हॉटेलात रात्रीमागून रात्री हेच करत आलेल्या वादकाला त्याची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

या संगमाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सी. रामचंद्र. पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. वसंतराव देशपांडेही सप्रेगुरुजींचेच विद्यार्थी. शास्त्रीय संगीताचा पाया घेऊन मुंबईत आलेल्या या माणसाला नव्या लयीचे कमालीचे आकर्षण होते. 'शहनाई' (१९४७), 'पतंगा' (१९४९) आणि 'समाधी' (१९५०) या चित्रपटांतल्या त्यांच्या नाचऱ्या गाण्यांनी देश डोलला. त्यांच्या साथीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६ साली गोव्यातल्या हळदोण्याचा. लुई आर्मस्ट्राँग यांची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत. ज्या आर्मस्ट्राँगशेजारी बसून वेदरफोर्ड यांनी शिकागोत ध्वनिमुद्रण केले, त्यांचीच छाया पंचवीस वर्षांनी मुंबईच्या स्टुडिओत उमटली. १९५१च्या 'अलबेला'मध्ये चिक आणि त्यांचे सहकारी पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाचे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव यांचा जन्म अमरावतीचा. वऱ्हाडात जन्मलेला नट, नागपुरात शिकलेला संगीतकार आणि गोव्याचा ट्रम्पेटवादक यांनी मिळून केलेले ते संगीत आजही लग्नसमारंभात वाजते.

चिक यांच्यानंतर ही साखळी लांब होत गेली. लाहोरच्या हॉटेलातून आलेले सेबास्टियन डिसूझा शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीचे अरेंजर झाले. गाण्यामागून व्हायोलिनांची दुसरी स्वतंत्र धून चालत राहते आणि गाणे भरून येते, ही त्यांची खूण. फ्रँक फर्नांड यांनी अरेंजर म्हणून दीर्घकाळ काम केले आणि कोकणी चित्रपटही काढले. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे ते चित्रपट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे जॅझवादक नव्हते, त्यांचा ओढा पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि राग यांच्या मेळाकडे होता. पण शिक्षक म्हणून त्यांचे नाव या कथेत अपरिहार्य आहे. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाजलेल्या गाण्यात नायक स्वतःचे नाव अँथनी गोन्साल्विस सांगतो, ती प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेली मानवंदना आहे. कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसलेले ते नाव एका खऱ्या संगीतशिक्षकाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. श्रेयनामावलीत वादकांची नावे देण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत आणि ज्यांनी गाण्याचा अर्धा भार उचलला ते अनामिक, हा अन्याय अनेक दशके चालला.

वऱ्हाडात पोहोचलेली धून

खामगाव-मेहकरच्या बुलढाणा जिल्ह्यात जॅझचा कार्यक्रम ऐकायला मिळण्याची शक्यता त्या काळी शून्य होती. 'अलबेला' प्रदर्शित झाला तेव्हा हा जिल्हा मुंबई राज्यात नव्हताही; तो मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. पण चित्रपट, तबकड्या आणि रेडिओ यांना राज्याची सीमा नव्हती. १९५२मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले, कारण त्यांतला पाश्चात्त्य अंश त्यांना खटकत होता. परिणाम उलटा झाला. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि १९५७मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी परत आणावी लागली. केसकरांची शास्त्रीय संगीतावरची निष्ठा खरी होती. पण त्या गाण्यांतली परकी वाटणारी वाद्ये आपल्याच देशातली माणसे आपल्याच चालींसाठी वाजवत होती, हे त्यांनी जमेस धरले नाही.

रेडिओवरची गाणी गावोगावच्या बँड पार्ट्यांनी उचलली. बँडमास्तर गाणे कानाने ऐकून क्लॅरिनेटवर बसवतो. ट्रम्पेटवाले मधले म्युझिक पीस उचलतात, युफोनियम खर्ज धरतो आणि ढोल-ताशा आपला ठेका देतो. ट्रम्पेटची ती मधली ओळ, जी वाजली की वरातीतली पोरे शिट्ट्या मारतात, ती मुळात स्टुडिओतल्या कुणा गोव्याच्या वादकाने जॅझच्या रीतीने रचलेली असते. बँडमास्तर ती जशीच्या तशी ठेवत नाही. आपल्या दमाप्रमाणे, आपल्या ठेक्याप्रमाणे ती वळवतो. वेदरफोर्ड यांच्या मागच्या रांगेतला मुलगा जे शिकत होता, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे.

पियानोची पुढची पिढी

हॉटेलांतले जॅझ दारूबंदीने आटले, पण मेले नाही. मोंबासामध्ये जन्मलेले मिकी कोरिया १९३९पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वृंद चालवत होते आणि पुढे उतारवयापर्यंत विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. त्यांची मुलगी क्रिस्टीन कोरिया अमेरिकेत जॅझगायिका म्हणून ओळखली जाते. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या उपाहारगृहांत १९५०-६०च्या दशकांत छोटे वृंद वाजत. ॲम्बॅसेडर हॉटेलात पियानोवर टोनी पिंटो असत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने आपले थोर जॅझवादक जगभर पाठवले. डेव्ह ब्रुबेक १९५८मध्ये, ड्यूक एलिंग्टन १९६३मध्ये आणि लुई आर्मस्ट्राँग १९६४मध्ये मुंबईत वाजवून गेले. त्यांना ऐकायला आलेल्यांत ताजच्या जमान्यातले जुने वादक आणि त्यांची मुले होती.

मग राग आणि जॅझ यांची उघड जुळणी सुरू झाली. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांच्या स्वरावलीवर जॅझ रचले. दार्जिलिंगमध्ये १९४१ साली जन्मलेले लुई बँक्स हे नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स यांचे पुत्र. वडिलांनी त्यांचे नाव आर्मस्ट्राँग यांच्यावरून ठेवले. कोलकात्याच्या उपाहारगृहांत पियानो वाजवणाऱ्या लुई यांना राहुल देव बर्मन यांनी मुंबईला आणले. १९८८मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा' या गीताचा वाद्यमेळ त्यांनी बांधला. भीमसेन जोशींच्या भैरवीपासून निघालेले ते गीत कितीतरी भाषांतून आणि वाद्यांतून फिरते आणि कुठेही सांधा दिसत नाही. भारतीय जॅझ पियानोचे आजचे सर्वांत मोठे नाव म्हणून लुई बँक्स यांच्याकडे पाहिले जाते. तालवाद्यांवर बसणारे त्यांचे चिरंजीव जिनो बँक्स ही त्या घरातली तिसरी पिढी.

१९७८मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' महोत्सव सुरू झाला आणि रंगभवनच्या उघड्या मंचावर देशोदेशीचे वादक भारतीय कलावंतांबरोबर बसू लागले. गोव्यात ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोकणी गाण्यांनी हाच रंग घरोघर नेला. त्यांच्यावर बेतलेला 'नाचुंया कुम्पासार' हा कोकणी चित्रपट २०१४मध्ये आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपटांतले मोठे वाद्यवृंद मात्र १९९०च्या दशकात मोडले. सिंथेसायझरवर एक माणूस चाळीस वाद्यांचे आवाज काढू लागला आणि प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या वेळी मुद्रित करता येऊ लागले. एका खोलीत शंभर माणसांनी एकमेकांचे ऐकत वाजवण्याची गरज उरली नाही. त्याच सुमारास गावच्या बँडमध्येही गाडीवर ठेवलेला कीबोर्ड आला आणि क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाल्यांची संख्या घटली. स्टुडिओतल्या वादकांच्या कहाण्या त्यानंतर लिहिल्या गेल्या. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपटवादकांना भेटून लिहिलेले पुस्तक २००८मध्ये निघाले. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' २०१२मध्ये आले. त्याचे नाव क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाने वाजवलेल्या धुनीवरून घेतलेले आहे. वेदरफोर्ड, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही नावे सर्वसामान्य वाचकांपर्यंत त्या पुस्तकामुळे पोहोचली.

वेदरफोर्ड यांच्या जुन्या तबकड्या संग्राहकांनी जपल्या आणि पुढे त्या नव्या माध्यमांत उतरवल्या गेल्या. शिकागोतली १९२६ची दोन गाणी, पॅरिसमधली १९३७ची पियानोवादने आणि कोलकात्यातल्या कोलंबियाच्या तबकड्या या तीन टप्प्यांत त्यांचे वादन कसे बदलले, ते लागोपाठ ऐकले की स्पष्ट कळते. पहिल्यात तरुण हाताचा झपाटा आहे, दुसऱ्यात रचनेची स्थिरता. तिसऱ्या टप्प्यातल्या ध्वनिमुद्रिकांत पियानो मागे राहतो आणि सोबतच्या वादकांना वाजवायला जागा करून देतो.